दुसऱ्याच्या भिंती, आपलें घर

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्या व त्यांचे यजमान पुण्याच्या एका उपनगरांत, अकरा महिन्यांच्या करारानें घेतलेल्या दोन खोल्यांत राहतात. भिंतीला खिळा ठोकूं नये, छिद्र पाडूं नये, रंग बदलूं नये, अशीं तीन कलमें करारांत आहेत. भगिनी लिहितात, "घर प्रसन्न दिसावें असें फार वाटतें, परंतु सासूबाई म्हणतात, 'परक्याच्या घरावर पैसा कशाला घालायचा? स्वतःचें होईल तेव्हां काय तें करा.' त्यांचें म्हणणें चुकीचें आहे असें म्हणवत नाहीं, आणि रेल्वेच्या प्रतीक्षागृहांत बसल्यासारखे दिवस काढणेंहि सोसवत नाहीं. काय करावें?"

या प्रश्नाचें उत्तर मीं स्वतः एकदां सहा वर्षें चुकीचें दिलें आहे. तेवढ्याच अधिकारावर आजचा हा लेख लिहीत आहें.

शाळामास्तराचें बिऱ्हाड हें नेहमींच पाठीवर असतें. छत्तीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं सात घरें बदललीं. त्यांतील तिसरें घर वाईस, एका जुन्या वाड्याच्या मागील चौकांत होतें. १९८९ सालीं आम्ही तेथें राहावयास गेलों. भिंती खालीं दगडाच्या, वर कच्च्या विटांच्या, आणि त्यांवर माती व चुना यांचा गिलावा. माझ्या पुस्तकांना जागा नव्हती. आपट्यांचा संस्कृत कोश, कांहीं काव्यनाटकांच्या सटीक प्रति, आणि ज्या विश्वकोशाचें काम त्याच गांवीं चाललेलें होतें त्याचे तोंवर निघालेले जाडजूड खंड. हें सर्व जमिनीवर रचून ठेवावें लागे. तेव्हां मीं बाजारांतून एक लांब फळी व तिला आधार देणारे लोखंडी कोन आणले आणि मालकांस न विचारतां सहा मोठे खिळे भिंतींत ठोकले. पक्क्या विटेंत खिळा धरून राहतो, कच्च्या विटेंत तो नुसता टेकलेला असतो, हें सूत्र कोणत्याहि व्याकरणांत दिलेलें नाहीं. श्रावणांत भिंतीनें ओल धरली आणि एका रात्रीं ती फळी पुस्तकांसह खालीं आली. तिच्याबरोबर हातभर गिलावाहि आला. आमची तीन वर्षांची मुलगी त्या बाजूस निजली नव्हती, हें दैव.

मालक भले गृहस्थ होते. ते रागावले नाहींत. गवंडी बोलावून त्यांनीं भिंत लिंपून घेतली व झालेला खर्च अनामत रकमेंतून वळता केला. जातां जातां एवढेंच म्हणाले, "मास्तर, आधीं विचारलें असतेंत तर पलीकडचें भिंतींतलें फडताळच मोकळें करून दिलें असतें."

तें बोलणें मला छडीसारखें लागलें. चुकलेल्या माणसाला अपमान वाटला म्हणजे तो बहुधा शहाणा होत नाहीं, हट्टी होतो. माझेंहि तसेंच झालें. फडताळ मागण्याचें मीं टाळलें आणि घरांत फर्मान काढलें कीं, यापुढें कोणीं भिंतीस हात लावूं नये. सौभाग्यवतीनें माहेराहून आणलेली भरतकामाची चौकट ट्रंकेंत गेली. दिनदर्शिका दाराच्या कडीला अडकवूं लागलों. कोणतीहि हौसेची वस्तु घेण्याचा विषय निघाला कीं "आपल्या घरांत गेल्यावर पाहूं" असें एक ठरलेलें उत्तर मी देत असें. आपलें घर तेव्हां कोठेंहि दृष्टिपथांत नव्हतें.

अशीं सहा वर्षें गेलीं. १९९५ सालीं मुलगी तिसरींत असतां वर्गांत 'माझें घर' या विषयावर चित्र काढावयास सांगितलें होतें. तिनें काढलेलें चित्र मीं पाहिलें. दाराला तोरण होतें, खिडकींत जास्वंदीची कुंडी होती, भिंतीवर मोराचें चित्र होतें. मीं म्हटलें, "अग, हें तर शेजारच्या काकूंचें घर. आपलें कोठें आहे?" ती सहज म्हणाली, "बाबा, आपल्या घरांत काढण्यासारखें कांहीं नाहीं."

ती रुसून बोलली असती तर मीं तिची समजूत घातली असती. तिनें केवळ वस्तुस्थिति सांगितली होती. शेजारचें बिऱ्हाडहि आमच्यासारखेंच भाड्याचें होतें. मालक तेच, भाडेंहि जवळजवळ तेवढेंच.

त्या रात्रीं सौभाग्यवती कांहीं बोलली नाहीं. दुसरा दिवस रविवारचा होता. सकाळींच ती मालकीणबाईंकडे गेली व "काकू, खोल्यांत तुमच्या जुन्या खुंट्या आहेत त्या वापरल्या तर चालतील ना?" असें विचारून आली. मग तिनें ट्रंक उघडली. दोन खुंट्यांमध्यें सुताची दोरी ताणून तिच्यावर मुलीचीं सगळीं चित्रें कपड्यांच्या चिमट्यांनीं लावलीं. भरतकामाची चौकट कोनाड्यांत टेकवून उभी केली. एका जुन्या इरकली लुगड्याचा पडदा शिवून तो खिडकीच्या गजांना नाडीनें बांधला. ट्रंका भिंतीशीं ओळीनें मांडून त्यांवर सोलापुरी चादर घातली, तेव्हां आल्यागेल्यास बसावयास बैठक झाली. दाराच्या चौकटीवर पूर्वींच्या कोणा बिऱ्हाडकरूनें मारलेले दोन आंकडे होते, त्यांवर मण्यांचें तोरण आलें. माझीं पुस्तकें अखेरीस त्याच फडताळांत गेलीं. सर्व खर्च दोरी, चिमटे व नाडी यांचा. भिंतीस एकहि नवा खिळा लागला नाहीं.

मुलीनें चित्र पुन्हां काढलें कीं नाहीं, हें आतां आठवत नाहीं. त्या आठवड्यापासून ती मैत्रिणींना घरीं आणूं लागली, हें मात्र पक्कें आठवतें.

मागाहून विचार करतां एक गोष्ट ध्यानांत आली. आपल्या घरांतील उत्तमांत उत्तम सजावट ही उतरवून ठेवण्यासाठींच केलेली असते. चैत्रांत अंगणांत काढलेलें चैत्रांगण दुसऱ्या दिवशीं पुसून पुन्हां काढावयाचें असतें. गौरीच्या पायऱ्या म्हणजे डबे, पाट व ट्रंका यांची उतरंड आणि तिच्यावर धुतलेली चादर. हळदीकुंकू आटोपलें कीं डबे पुन्हां फडताळांत. गणपतीचें मखर दीड दिवसाचें असो वा दहा दिवसांचें, त्याच्यावर घरांतील सर्व माणसें रात्रीं जागवितात, आणि विसर्जनानंतर तें सोडवून ठेवितात. ठाणें-पालघरकडील वारली लोकांत लग्नाचा चौक गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें रेखाटितात, तोहि त्या मंगल प्रसंगापुरता. ती कला जिव्या सोमा मशे यांनीं १९७० च्या दशकांत कागदावर आणली, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. भिंतीवरची कला कागदावर आली म्हणून ती आज कोणाच्याहि बिऱ्हाडांत जाऊं शकते. भिंत आपल्या मालकीची नसली तर सजावट करतां येत नाहीं, ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली नाहीं.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें यदुराजाला आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. त्यांत एक सर्प आहे. घर बांधण्याचा खटाटोप न करतां, दुसऱ्यानें केलेल्या बिळांत तो सुखानें राहतो, हा त्याच्यापासून घ्यावयाचा धडा. संन्याशानें त्यांतून अनासक्ति शिकावी. गृहस्थानें 'सुखानें' हा शब्दहि सोडूं नये. मीं सहा वर्षें अर्धाच धडा गिरविला.

आतां उरलेला अर्धा, म्हणजे परक्याची वस्तु जशीच्या तशी परत करण्याचा. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'निक्षेप', म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव, हें दुसरें आहे. घर ही तशीच ठेव समजावी. नारदस्मृतींत तर आपल्या विषयाशीं अगदीं लागून असलेला नियम आहे: भाडें देऊन परक्याच्या भूमीवर घर करून राहिलेल्या माणसानें तें सोडतांना आपलें गवत, लांकूड, विटा घेऊन जावें. भाड्याला तेथें 'स्तोम' असा शब्द आहे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें १०८ वें कलम वाचतांना मला या नियमाचें स्मरण झालें. करारांत किंवा स्थानिक वहिवाटींत वेगळें नसेल तर भाडेकरूनें स्वतः बसविलेल्या वस्तु ताबा असेपर्यंत काढून न्याव्या, मात्र जागा जशी मिळाली तशी परत करावी, असा त्याचा आशय आहे. नेहमींच्या वापरानें होणारी झीज त्यांत धरीत नाहींत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आहे. त्याच्या १६ व्या कलमाप्रमाणें मालकाच्या लेखी संमतीवांचून पक्कें बांधकाम करणें हें जागा सोडावी लागण्याचें एक कारण होऊं शकतें. लांकडी आडभिंत, स्वयंपाकाचा उभा ओटा, जाळी, वायुवीजनासाठीं खिडकी, खोटें छत, वातानुकूलन यंत्र, धुराडें इत्यादि कामें, आवश्यक तेथें नगरपालिकेची परवानगी घेऊन केलीं असतां, पक्क्या बांधकामांत मोडत नाहींत, असा त्यांत खुलासा आहे. परंतु अकरा महिन्यांचा करार बहुधा भाडेपट्ट्याचा नसून परवान्याचा, म्हणजे ज्यास 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात तसा असतो. त्यांत कागदावर काय लिहिलें आहे यावर बहुतेक सारें ठरतें. म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं तीं तीन कलमें तंतोतंत पाळावीं. एखादी पक्की सोय खरोखरच हवी असेल, उदाहरणार्थ पाळण्यासाठीं छताला कडी, तर मालकांस विचारावें व होकार लिहून घ्यावा. विचारण्यानें काय मिळतें, तें मीं सहा वर्षें उशिरा पाहिलें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों.

पहिल्या दिवशीं, सामान लावण्यापूर्वींच, प्रत्येक भिंत, नळ, दार व तडा यांचीं छायाचित्रें घ्यावीं आणि तीं मालकांकडे तारखेसह पाठवावीं. मागाहून वाद उद्भवत नाहीं व जुना डाग आपल्या नांवावर पडत नाहीं. मग घरांत आयते असलेले आंकडे, पडद्याच्या दांड्या, खिडकीचे गज, माळ्याची कड यांची मोजदाद करावी. नव्या इमारतींत कोनाडे व खुंट्या नसतात. तरी पाहूं गेल्यास चारदोन आधार सांपडतात.

टांगण्यासाठीं सध्यां चिकट पट्टीचे हुक मिळतात. ते टाइल, कांच, गुळगुळीत कपाट किंवा ऑइल पेंट यांवर चांगले बसतात. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या सफेदीवर मात्र लावूं नयेत. तेथें हुक भिंतीला चिकटत नाहीं, रंगाच्या पापुद्र्याला चिकटतो, आणि दोघेहि बरोबरच खालीं येतात. लावण्यापूर्वीं जागा स्पिरिटनें पुसावी, हुक लावल्यावर तासभर त्यावर वजन घालूं नये, व वेष्टनावर लिहिल्याहून अधिक भार कधींहि देऊं नये. ओढून निघणारी पट्टी असेल तर काढतांना तिचें टोंक धरून ती भिंतीला लगटून हळूहळू खालीं ओढावी. आपल्याकडे ओढल्यास रंग निघतो. कांचेची जड चौकट अशा हुकावर, विशेषतः निजण्याच्या जागेच्या वर, लावूं नये. ती मेजावर किंवा पुस्तकांच्या घोडीवर टेकवून ठेवली तरी शोभते. दोन भिंतींमध्यें दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी मिळते. हलका पडदा लावावयास ती पुरते.

भिंतीला चिकटणारा छापील कागद हल्लीं पुष्कळ ठिकाणीं दिसतो. आपल्याकडे पावसाळ्यांत ओल येणाऱ्या भिंतीस तो लावूं नये. आंत पाणी कोंडतें, बुरशी धरते, आणि काढतांना खालचा रंगहि येतो. भिंत फारच ओकी वाटत असल्यास एखादी खणाची किंवा हातमागाची चादर दांडीला लावून सोडावी. ती धुतां येते आणि पुढच्या घरींहि येते.

दिव्याकडे आपलें लक्ष फार कमी जातें. बैठकीच्या खोलींत शुभ्र निळसर प्रकाश असेल तर घर कचेरीसारखें भासतें. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आंकडा असतो. ६५०० चा दिवा थंड पांढरा, तर २७०० चा पिंवळसर, समईच्या जातीचा. संध्याकाळीं एका कोपऱ्यांत असा एक मेजावरचा दिवा लावला कीं खोलीचें रूप पालटतें. मालकांचा मूळचा दिवा मात्र खोक्यांत जपून ठेवावा व जातांना परत बसवावा. विजेची तार सतरंजीखालून नेऊं नये; ती तापण्याचें भय असतें.

देवघर भिंतीला ठोकण्याऐवजीं चौरंगावर किंवा छोट्या कपाटावर मांडावें. निरांजन व उदबत्ती यांच्या धुरानें भिंत काळी पडते, म्हणून तें भिंतीपासून हातभर पुढें घ्यावें किंवा मागें एक फळी उभी करावी. जमिनीवर चिकटणारी किंवा तैलरंगाची रांगोळी काढूं नये. नित्याची पिठाची वा शिरगोळ्याची रांगोळी त्याहून सुंदर दिसते आणि केरसुणीबरोबर निघून जाते. जड सामानाच्या पायांखालीं नमद्याचे तुकडे ठेवावे, म्हणजे फरशीवर ओरखडे उठत नाहींत. कुंड्यांखालीं ताटल्या असाव्या, म्हणजे सज्जावर डाग पडत नाहींत व खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचें पाणी गळत नाहीं. कठड्याच्या बाहेरच्या अंगास कुंडी कधींच टांगूं नये.

आतां पैशाचा प्रश्न. सासूबाईंचें म्हणणें निम्में बरोबर आहे. परक्याच्या भिंतींत, फरशींत, छतांत आपला पैसा पुरूं नये. परंतु पडदा, सतरंजी, दिवा, कुंडी, चौकट हीं परक्याच्या घराचीं नव्हत. तीं आपल्या संसाराचीं आहेत व बिऱ्हाडाबरोबर टेंपोंत चढून येतात. वस्तु घेतांना दोनच गोष्टी पाहाव्या: ती पुढच्या घरीं येईल काय, आणि तिच्यामागें खूण राहील काय. सासूबाईंशीं वाद घालूं नये. त्यांच्या ट्रंकेंत एखादें जुनें लुगडें, मण्यांचें तोरण किंवा भरतकामाचा तुकडा खात्रीनें असेल. तो मागून घ्यावा व दर्शनी लावावा. आपल्या हातची वस्तु उजेडांत आलेली पाहून त्यांचाहि विरोध मावळेल, असें मला वाटतें.

'स्वतःचें घर झाल्यावर' या शब्दांना मी आतां भितों. आमचें स्वतःचें घर झालें तेव्हां मुलगी महाविद्यालयाच्या वसतिगृहांत गेली होती. त्या घराच्या भिंती आमच्या मालकीच्या होत्या, हवे तितके खिळे ठोकतां येत होते. पण चित्रें काढणारें मूल घरांत नव्हतें. मुलांचें बालपण करारनाम्याच्या मुदतीकडे पाहून थांबत नाहीं.

वाईचें घर आम्हीं १९९८ सालीं सोडलें. सजावट उतरवावयास अर्धी सकाळ पुरली. दोरी गुंडाळून मुलीनें आपल्या दप्तरांत ठेवली. सामान गेल्यावर मालक व मी रिकाम्या खोल्यांतून एकदां हिंडलों. आमच्या नऊ वर्षांच्या वास्तव्याची एकच खूण भिंतीवर होती: जेथें माझी फळी पडली होती तेथील वेगळ्या रंगाचा गिलावा. मालकांनीं त्याकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि आम्ही दोघेहि हंसलों. ती खूण तेवढी माझी. सौभाग्यवतीच्या सजावटीची खूण कोठेंहि नव्हती.

असो. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं अकरा महिने संपण्याची वाट पाहूं नये. येत्या रविवारीं एक दोरी, चार चिमटे व घरांतील जुनी ट्रंक यांपासून आरंभ करावा, आणि कसें जमलें तें या सदराकडे अवश्य कळवावें.